घरच्या थिएटरचे स्पीकर स्वतः बनवताना: सुरुवात मधल्या पेटीपासून

सिनेमा लावला की आई दर पाच मिनिटांनी विचारायची, "काय म्हणाला रे तो?" टीव्हीखाली साउंडबार होता, गाड्या उडाल्या की खिडकीची तावदानं थरथरत होती, आणि तरी माणसांचं बोलणं कळत नव्हतं. आवाज वाढवावा तर पुढच्याच गोळीबारात शेजारी जागे. मी स्पीकर बनवायला शिकलो तो ह्या एका प्रश्नापायी, आणि म्हणून खालची सगळी मांडणीही त्याच प्रश्नाभोवती आहे.

५.१ आवाजात (पाच स्पीकर आणि अगदी जाड्या स्वरांसाठी एक सबवूफर) संवादांचा बहुतेक भाग मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतो. बोलणं स्पष्ट हवं असेल तर पैसा, वेळ आणि लक्ष आधी तिथे द्यायचं. नवशिक्याला माझं सांगणं असं: समोरच्या तीन पेट्या (डावी, मधली, उजवी) अगदी एकसारख्या बनवा, त्या हवाबंद ठेवा, आणि सबवूफर तूर्त विकतचा घ्या. मागचे दोन सराउंड नंतर सावकाश बनवता येतात.

तीन एकसारख्या का, तर पडद्यावर माणूस बोलत बोलत डावीकडून उजवीकडे गेला की त्याच्या आवाजाचा पोत बदलू नये. दुकानात मिळणारा सेंटर बहुधा आडवा असतो: दोन टोकांना जाड्या स्वरांचे दोन वूफर, मध्ये बारीक स्वरांचा ट्वीटर. तो टीव्हीखाली छान मावतो. पण सोफ्याच्या कडेला बसणाऱ्याला एक वूफर जवळ आणि दुसरा लांब पडतो, दोघांचे आवाज मागेपुढे पोहोचतात आणि बोलण्यातले काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. आमच्या घरी कडेची जागा आईची होती. टीव्ही थोडा वर सरकवून सेंटरही उभाच ठेवता येत असेल तर तो ठेवा. हा एक निर्णय महागड्या ड्रायव्हरपेक्षा (म्हणजे पेटीत बसणाऱ्या वूफर-ट्वीटरपेक्षा) जास्त कामाचा आहे.

ड्रायव्हर: वॅट बघू नका

पहिल्या खेपेला मी फक्त "आठ इंची, शंभर वॅट" एवढं वाचून वूफर आणले आणि डोळ्यांना बरी दिसेल अशी पेटी ठोकली. आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा आला. वॅटचा आकडा म्हणजे ड्रायव्हर न जळता किती ताकद सोसेल एवढंच. कुठल्या पेटीत तो कसा वागेल हे दुसरेच आकडे सांगतात. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी पुढे सत्तरच्या दशकात हे गणित मांडलं, म्हणून त्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. ते छापील मिळत नसतील तर तो ड्रायव्हर घेऊच नका, कितीही स्वस्त असला तरी.

बंद पेटीसाठी तीन आकडे पुरतात. एफएस म्हणजे मोकळ्या हवेत ड्रायव्हर आपसूक ज्या कंपनाला डोलतो ते. क्यूटीएस म्हणजे ते डोलणं किती लवकर आवरतं त्याचं माप. व्हीएएस म्हणजे ड्रायव्हरच्या लवचीकपणाइतकी 'स्प्रिंग' ज्या हवेत असते त्या हवेचं आकारमान, लिटरमध्ये. पेटी बंद केली की आतली हवाही स्प्रिंगसारखी कोनला, म्हणजे ड्रायव्हरच्या हलणाऱ्या पडद्याला, मागे ढकलते. पेटी लहान, तर स्प्रिंग कडक. सगळा खेळ ही स्प्रिंग नेमकी ठेवण्याचा.

साडेसहा इंची वूफरचं एक उदाहरण धरू: एफएस ४५ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४०, व्हीएएस २० लिटर. पेटीसकट येणारा क्यू आपल्याला ०.७०७ हवा. त्याला आवाज सपाट राहतो, खालच्या स्वरांत फुगवटा येत नाही. १ च्या वर गेलं की घुमणं सुरू. आता ०.७०७ ला ०.४० ने भागा: १.७७. त्याचा वर्ग ३.१२, त्यातून १ वजा केला की २.१२. व्हीएएसचे २० लिटर भागिले २.१२, म्हणजे पेटीत साधारण ९.४ लिटर हवा लागेल. ४५ ला त्याच १.७७ ने गुणलं की ८० हर्ट्झ येतात. इथून खाली हा स्पीकर हळूहळू गळायला लागेल.

हे ८० हर्ट्झ पाहून नवखा माणूस हिरमुसतो, "एवढाच बेस?" पण होम थिएटरमध्ये हाच आकडा हवा आहे. सिनेमाच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्सने सबवूफर आणि बाकीचे स्पीकर यांच्यातली वाटणी ८० हर्ट्झवर ठरवली, आणि बहुतेक रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारे अॅम्प्लिफायर) त्याच बेताने चालतात. ते मुख्य स्पीकरला दर सप्तकाला १२ डेसिबल उताराची गाळणी लावतात आणि सबवूफरला २४ ची. उरलेले १२ कुठून आणायचे? बंद पेटी ८० हर्ट्झखाली स्वतःहून १२ डेसिबलनेच उतरते. दोन्ही मिळून २४ होतात आणि सबवूफरशी सांधा बेमालूम जुळतो. बंद पेटीचा मी आग्रह धरतो तो ह्यासाठी. शिवाय भोकाच्या, म्हणजे पोर्टवाल्या पेटीत नळीची लांबी थोडी चुकली तरी ट्यूनिंग बिघडतं. बंद पेटीत अर्धा लिटर इकडेतिकडे झालं तर कानाला पत्ताही लागत नाही.

पीअरलेस, डेटन ऑडिओ, एसबी अकूस्टिक्स अशा कंपन्या हे आकडे देतात. वूफर आणि ट्वीटर बहुधा ऑनलाइनच मागवावे लागतात. कपॅसिटर, रेझिस्टर, टर्मिनल, वायर यांसाठी मात्र पुण्यातली तापकीर गल्ली किंवा मुंबईतला लॅमिंग्टन रोड गाठा. वस्तू हातात घेऊन बघता येते आणि दुकानदारही दोन गोष्टी शिकवून जातो.

क्रॉसओव्हर आधी ठरवा, लाकूड नंतर कापा

वूफरला जाडे स्वर आणि ट्वीटरला बारीक स्वर वाटून देणारं सर्किट म्हणजे क्रॉसओव्हर. पुस्तकी सूत्र सोपं आहे. ८ ओहमचे दोन्ही ड्रायव्हर आणि २५०० हर्ट्झची वाटणी धरली तर प्रत्येक पेटीला १ मिलीहेन्रीच्या दोन कॉइल आणि साधारण ४ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर लागतात (बाजारात ३.९ मिळेल). वूफरच्या वाटेत कॉइल आणि त्याला समांतर कपॅसिटर. ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर आणि त्याला समांतर कॉइल. ह्या प्रकारात ट्वीटरचे प्लस-मायनस उलटे जोडावे लागतात.

सूत्र समजून घ्या, पण त्याच्या भरवशावर पैसे घालू नका. ते वूफरला कायम ८ ओहमचा मानतं. प्रत्यक्षात व्हॉइस कॉइलमुळे (कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यामुळे) वरच्या स्वरांना हा आकडा बराच चढतो आणि गाळणी भलतीकडेच लागते. दुसरं म्हणजे पेटीच्या तोंडाची रुंदी. २१ ते २२ सेंटिमीटर रुंद तोंड असेल तर साधारण ५३० हर्ट्झच्या आसपासपासून खालचा आवाज पेटीला वळसा घालून मागे पांगतो, आणि समोर बसणाऱ्याला तो कमी पडतो, गणिताने तब्बल ६ डेसिबलपर्यंत. पुरुषी आवाजाचा भारदस्तपणा ह्याच पट्ट्यात असतो. सूत्राबरहुकूम केलेला क्रॉसओव्हर हे भरून काढत नाही, म्हणून तो चिरका वाटतो.

तेव्हा पहिल्या वेळी कुणी तरी मोजमापासकट जाहीर केलेलं आणि अनेकांनी बनवून पाहिलेलं डिझाइन घ्या. तेच ड्रायव्हर, तोच क्रॉसओव्हर, पेटीच्या तोंडाची तीच रुंदी. "हा ट्वीटर मिळाला नाही म्हणून तो लावला" हे चालत नाही. एक ड्रायव्हर बदलला की डिझाइन बदललं. डिझाइन आवडलं पण पेटी पोर्टवाली असेल तर वरच्या गणिताने पेटीचा क्यू काढून बघा. ०.७ ते ०.८ च्या आसपास आला, तर पोर्टमध्ये फोमचा घट्ट बोळा बसवून सबवूफरबरोबर ती पेटी मजेत वापरता येते. पुढे स्वतः डिझाइन करावंसं वाटलं तर विट्युइक्सकॅड आणि रूम ईक्यू विझार्ड ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, आणि मोजणीचा मायक्रोफोन एकदा घेतला की वर्षानुवर्षं पुरतो.

ट्वीटरच्या वाटेतला कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचा घ्या. प्लस-मायनस छापलेला साधा इलेक्ट्रोलिटिक इथे अजिबात चालत नाही. दोन कॉइल एकमेकींपासून लांब आणि काटकोनात बसवा, एक आडवी झोपलेली तर दुसरी उभी. शेजारी शेजारी ठेवल्या तर एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरतं. सगळं ६ एमएम प्लायच्या तुकड्यावर गरम गोंदाने चिकटवून केबल टायने आवळा. तुकडा १२ सेंटिमीटरपेक्षा रुंद नको. पेटी बंद झाल्यावर तो वूफरच्या भोकातूनच आत जायचा आहे, हे मी एकदा विसरलो होतो आणि पूर्ण जोडलेलं सर्किट परत उसवावं लागलं.

लाकूड आणि कापणी

परदेशी व्हिडिओंत सगळे एमडीएफ वापरतात. सपाट, स्वस्त, कापायला लोण्यासारखं. पण कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हवेतच पाणी असतं, आणि एमडीएफची उघडी कड एकदा ओलावली की फुगते ती परत बसत नाही. मी १८ एमएमचं आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय घेतो. कापलेल्या कडेकडे निरखून बघा: थरांमध्ये पोकळी दिसली तर तो तुकडा नाकारा, कारण ती पोकळी पुढे कुठल्या तरी स्वराला हमखास खरखरते.

आपल्या उदाहरणातली पेटी आतून १८ रुंद, ३० उंच, २० खोल (सगळं सेंटिमीटरमध्ये). म्हणजे १०.८ लिटर. ९.४ पेक्षा हे जास्त ठेवलं, कारण वूफरचं चुंबक, आतली आडवी पट्टी आणि क्रॉसओव्हर हेही जागा खातात. तीन पेट्यांसाठी तुकडे:

पुढचं आणि मागचं तोंड: २१.६ × ३३.६, सहा
बाजू: ३३.६ × २०, सहा
छत आणि तळ: १८ × २०, सहा
आतली आडवी पट्टी: १८ × ५, तीन

आठ बाय चारच्या अर्ध्या शीटमध्ये हे आरामात बसतं. तुकडे घरी करवतीने कापायच्या फंदात पडू नका. ज्या प्लायवाल्याकडे किंवा सुताराकडे टेबल लावलेलं कटर आहे त्याच्याकडून कापून घ्या. त्याला एकच गोष्ट ठासून सांगा: ३३.६ चे बाराच्या बारा तुकडे एकाच सेटिंगवर कापायचे, मग मोजपट्टी हलवायची. २० चे बाराही तसेच. माप मिलिमीटरभर चुकलं तरी सगळ्यांत सारखंच चुकलेलं असलं की पेटी काटकोनात बसते. पाती जवळपास ३ एमएम लाकूड खाते, तेवढी जागा आखणीत सोडा.

गोल भोकं राउटरने, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्राने, काढलेली उत्तम. राउटर नसेल तर जिगसॉने रेषेच्या किंचित आतून कापा आणि पॉलिश पेपरने घासत घासत मापाला आणा. भोकाचं माप ड्रायव्हर हातात आल्यावरच आखा. कापताना नाकातोंडाला मास्क हवाच. प्लायचा भुसा नुसता भुसा नसतो, त्यात गोंदही असतो.

जोडणी

जमिनीवर रद्दी पसरा, गुण्या आणि चार सी-क्लॅम्प जवळ घ्या, आणि फेव्हिकॉल लावण्याआधी एकदा सगळं कोरडं जुळवून बघा. मग मागचं तोंड पालथं ठेवून त्यावर तळ, छत, दोन्ही बाजू उभ्या करा. फेव्हिकॉल एवढा हवा की क्लॅम्प आवळल्यावर सांध्यातून बारीक मणी सलग बाहेर आले पाहिजेत. जिथे मणी दिसत नाहीत तिथे गोंद कमी पडलाय. क्लॅम्प सोडा, परत लावा. ओल्या फडक्याने बाहेरचा पुसून घ्या, आतला राहू दे.

क्लॅम्प पूर्ण आवळण्याआधी कर्ण मोजा. ह्या पेटीचे दोन्ही कर्ण ३९.९ च्या आसपास येतील, पण आकड्यापेक्षा ते एकमेकांइतके असणं महत्त्वाचं. फरक दिसला तर लांब कर्णाच्या टोकांना हाताने दाबा, पेटी सरळ होते. नंतर चोवीस तास हात लावायचा नाही, पावसाळ्यात आणखी एक दिवस.

वाळल्यावर आतून सगळ्या सांध्यांवर फेव्हिकॉलमध्ये बारीक भुसा कालवून बोटाने लिंपा. दोन बाजूंना जोडणारी आडवी पट्टी उंचीच्या मध्यावर चिकटवा, पण वूफरचं चुंबक तिला आपटणार नाही हे आधी बघून. पुढचं तोंड शेवटी. बाहेरून विनिअर, रंग, सनमायका, काय हवं ते लावा; ते ड्रायव्हर बसवण्यापूर्वी उरकलेलं बरं.

आत भरायला उशीतला पॉलिएस्टरचा कापूस चांगला. मागच्या भिंतीपासून सैलसर भरा, कोंबू नका. खरा कापूस नको, तो ओल धरतो.

ड्रायव्हर बसवताना हात जपून

इथे हमखास नुकसान होतं. वूफरचं चुंबक स्क्रू-ड्रायव्हरला ओढून घेतं: स्क्रूच्या डोक्यावरून टोक सटकतं आणि सरळ कोनमध्ये घुसतं. म्हणून ड्रिलने स्क्रू आवळायचे नाहीत. आधी बारीक भोकं पाडा, भुसा आणि धातूचा कीस फुंकून काढा (चुंबकाला चिकटलेला कीस निघता निघत नाही), मगच ड्रायव्हर आणा. कोनवर पुठ्ठ्याचा तुकडा आडवा धरा, डाव्या हाताने स्क्रू-ड्रायव्हरची दांडी पकडून उजव्या हाताने फिरवा. कडेखाली खिडकीला लावतात ती फोमची टेप लावा. सिलिकॉनने फटी बुजवायच्या असतील तर ड्रायव्हर बसवण्याआधी एक दिवस. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो त्याची वाफ ड्रायव्हरला सोसत नाही.

रिसीव्हरला जोडण्याआधी तीन तपासण्या करा. मल्टीमीटरने टर्मिनलवर ओहम बघा. ८ ओहमच्या स्पीकरला ६ च्या आसपास दिसलं पाहिजे, शून्याजवळ दिसलं तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टर्मिनलला लावा. प्लसला प्लस लागल्यावर वूफरचा कोन बाहेर यायला हवा, तिन्ही पेट्यांत. ट्वीटरच्या तारांना मात्र सेल थेट लावायचा नाही. शेवटी वूफरचा कोन पसरलेल्या बोटांनी सगळीकडून सारखा, हलकेच आत दाबून सोडा. तो संथपणे परत आला तर पेटी हवाबंद. झटकन उसळला तर कुठेतरी गळते आहे.

वायरवर पैसे उधळू नका. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी वायर १० मीटर नेली तरी जाऊन येऊन पाव ओहमही विरोध होत नाही.

खोलीत मांडणी

डावा आणि उजवा स्पीकर बसायच्या जागेपासून मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण ३० अंशांवर, तिघांचे ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. सेंटर टीव्हीखालीच ठेवावा लागला तर पुढून थोडा टेकू देऊन त्याचं तोंड कानाकडे वर वळवा, आणि कपाटात असेल तर पेटीचं तोंड फळीच्या कडेला आणा. फळी पुढे राहिली तर आवाज तिच्यावर आपटून येतो आणि बोलणं पुन्हा गढूळ होतं.

रिसीव्हरमध्ये तिन्ही स्पीकर 'स्मॉल' निवडा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा. 'स्मॉल' शब्दाने वाईट वाटून घेऊ नका. त्याचा अर्थ एवढाच की जाडे स्वर सबवूफरकडे जाऊ देत. टेपने अंतर मोजून भरा. रिसीव्हरचा चाचणीचा आवाज लावून बसायच्या जागी प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबल करा. मोबाइलचं अॅप इथे चालतं, कारण खरा आकडा चुकला तरी सगळे सारखे करणं जमतं. रात्री कमी आवाजात बघत असाल तर सेंटर एक-दोन डेसिबल वर ठेवा.

सबवूफरची जागा कानाने शोधायची. १२ बाय १० फुटांच्या खोलीत लांबीमुळे ४७ आणि रुंदीमुळे ५६ हर्ट्झच्या आसपासचे स्वर कुठे फुगतात, कुठे गायब होतात. म्हणून सबवूफर उचलून थेट सोफ्यावर, आपल्या जागेवर ठेवा, बेसचं एखादं सलग वाजणारं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेकडेने रांगत जा. जिथे बेसचे सगळे स्वर सारख्या जोराने ऐकू येतात तिथे सबवूफर ठेवायचा. घरातले हसतील, पण हा उपाय कुठल्याही ऑटो-सेटिंगपेक्षा बेसला जास्त सुधारतो.

महिनाभर वाजल्यावर पुन्हा एकदा हातानेच सगळे स्क्रू तपासा. फोमची टेप दबलेली असते, प्लायही थोडं बसलेलं असतं, आणि एखादा स्क्रू पाव फेरा घेतोच. पहिल्या पावसाळ्यानंतर कोन दाबून बघण्याची चाचणी परत करा.